नवीन अकाउंटंट, अनुभव शून्य: ठाणे आणि नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यातल्या आमच्या छोट्या अकाउंट्स ऑफिसकडे बी.कॉम.चे निकाल लागले की हेच प्रश्न फिरून फिरून येतात. काही बायोडाटाबरोबर, काही रात्री अकराला व्हॉट्सअॅपवर. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. कुठलाही प्रश्न सुटा वाचला तरी चालेल. जिथे गोष्ट दुसरीकडे आली आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

आयकराबद्दल एक आधीच सांगते. १९६१ च्या कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ ने घेतली आहे. क्लासच्या नोट्समधले कलमांचे आकडे त्यामुळे जुने झाले. ऑफिसात मात्र टीडीएसला (पैसे देतानाच कापायचा आयकर) अजून काही वर्षं सगळे '१९४सी' (कंत्राटदार) आणि '१९४जे' (प्रोफेशनल फी) असंच म्हणणार, तेव्हा जुने-नवे दोन्ही आकडे माहीत असू द्या.

१. बी.कॉम. आणि टॅलीचा कोर्स झालाय. मी स्वतःला अकाउंटंट म्हणू शकतो का, की परवाना लागतो?

हिशेब लिहायला परवाना लागत नाही. बायोडाटावर 'ज्युनिअर अकाउंटंट' किंवा 'अकाउंट्स असिस्टंट' बिनधास्त लिहा. ऑडिट रिपोर्टवरची सही मात्र चार्टर्ड अकाउंटंटचीच, आणि ती पदवी १९४९ च्या कायद्याने आयसीएआय या सीएंच्या संस्थेच्या सभासदांपुरती राखलेली आहे. सीएची इंटर (मधली परीक्षा) अर्धवट सुटली असेल तर तसं सरळ लिहा. नावापुढे 'सीए' अशी दोन अक्षरं टाकून मागे बारीक टाइपात 'इंटर' लिहिणाऱ्यांचे बायोडाटा आम्ही तिथेच बाजूला ठेवतो.

२. सगळ्या जाहिरातींत 'किमान दोन वर्षं अनुभव' मागतात. कोणी घेतलंच नाही तर अनुभव येणार कुठून?

हा सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न, आणि तक्रार रास्त आहे. पण जाहिरात देणाऱ्याला खरं तर वर्षं नको असतात. महिना कसा बंद करायचा हे ज्याला शिकवत बसावं लागणार नाही, असा माणूस त्याला हवा असतो. म्हणून समोर उमेदवार आला की मी 'किती वर्षं' असं विचारत नाही, 'किती महिने बंद केलेत' असं विचारते. दोन वर्षं नुसती सेल्सची बिलं टाकलेल्या मुलाने एकही महिना बंद केलेला नसतो. वाशीतल्या एखाद्या लहान गाळ्यात सगळंच एकटीने केलेल्या मुलीने सहा महिन्यांत सहा महिने बंद केलेले असतात.

महिना बंद करणं म्हणजे नेमकं काय? समजा जून संपला. १ जुलैला बँकेचं स्टेटमेंट काढून जून जुळवायला बसायचं. ७ जुलैच्या आत जूनमध्ये कापलेला टीडीएस भरायचा. ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र), म्हणजे त्याआधी विक्रीची बिलं, क्रेडिट नोटा आणि मधले रद्द झालेले बिल नंबर तपासून झालेले हवेत. १४ ला पोर्टलवर २बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या आपल्या खरेदीची यादी) येतं, मग खरेदी जुळवायची. १५ पर्यंत पीएफ आणि ईएसआयसी (कामगार विमा). २० ला ३बी (जीएसटी भरायचं विवरणपत्र). त्यानंतर येणं-देणं, स्टॉक, महिन्याच्या तरतुदी आणि शेवटी मालकाच्या टेबलावर जूनचा नफा-तोटा. उलाढाल ५ कोटींपर्यंत असलेल्या धंद्याने तिमाही पर्याय घेतला असेल तर जीएसटीच्या तारखा बदलतात: जीएसटीआर-१ तिमाही संपल्यावर १३ तारखेला, ३बी महाराष्ट्रात २२ ला, आणि तिमाहीतल्या पहिल्या दोन महिन्यांचा कर त्या त्या पुढच्या महिन्याच्या २५ पर्यंत चलनाने.

असा एक तरी महिना पहिल्या तारखेपासून शेवटच्या कामापर्यंत हाताखालून गेला पाहिजे, मग तो कुणाचाही असो. तो मिळवायचे मार्ग प्रश्न ४, ६ आणि ७ मध्ये आहेत.

३. पहिली नोकरी सीए ऑफिसात करावी की कंपनीत?

सीए ऑफिसात वर्षभरात पंधरा-वीस प्रकारचे धंदे डोळ्यांखालून जातात, पण बहुतेकांचा एकेक तुकडाच. एकाचं जीएसटी, दुसऱ्याचं टीडीएस, तिसऱ्याचं फायनलायझेशन (वर्षाचे हिशेब पक्के करणं). ऑडिट आणि रिटर्नच्या मोसमात घरी जायची वेळ विचारू नका. कंपनीत धंदा एकच, पण पूर्ण महिना तुमचा. माझं मत विचाराल तर आधी लहान कंपनी, जिथे अकाउंट्सला दोन-तीनच माणसं आहेत. मोठ्या कंपनीत नवख्याला दोन वर्षं नुसतं व्हेंडर बिलांच्या टेबलावर बसवतात आणि बाकीचं काम दुसऱ्या मजल्यावर चालतं. ज्याला पुढे सीए किंवा कॉस्टिंग करायचं आहे, त्याने सीए ऑफिसच धरावं.

४. ठाणे-नवी मुंबईत नवख्यांना घेतात तरी कुठे?

नोकरीच्या अॅपवर अर्ज टाकत राहा, पण तेवढ्यावर बसू नका. लहान मालक जाहिरात देतच नाहीत. ते आपल्या सीएला सांगतात, 'एखादा मुलगा असेल तर बघा.' म्हणून आपल्या भागातल्या सीए ऑफिसांत प्रत्यक्ष जाऊन बायोडाटा ठेवणं अजूनही चालतं. फक्त महिन्याच्या ७ ते २० तारखांत जाऊ नका. का ते प्रश्न २ मधल्या तारखा पाहिल्या की कळेल.

भागाप्रमाणे काम वेगळं मिळतं. वागळे इस्टेटमध्ये इंजिनीअरिंगचे लहान कारखाने, म्हणजे जॉबवर्क (एकाच्या मालावर दुसऱ्याने काम करून देणं). तिथे माल बिलावर नाही, डिलिव्हरी चलनावर बाहेर जातो, आणि तो एका वर्षात परत आला की नाही यावर लक्ष ठेवणारा माणूस मालकाला हवाच असतो. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे या ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आणि आयटी दोन्ही; ट्रान्स-हार्बरने ठाण्याहून थेट जाता येतं. तळोज्यात केमिकल आणि मोठे प्रकल्प.

नवखी मुलं ज्याचा विचारच करत नाहीत ते म्हणजे न्हावाशेवा बंदराभोवतीचं काम. उरणकडची गोदामं आणि कंटेनर यार्ड, वाशी-बेलापुरातली कस्टम्स ब्रोकर आणि फ्रेट फॉरवर्डरची ऑफिसं. इथे बिलं अक्षरशः ढिगाने असतात आणि एक गोष्ट शिकलात की कायमची कामाला येते: ग्राहकाच्या वतीने भरलेले पैसे वेगळे आणि आपली एजन्सी फी वेगळी. कस्टम्स ड्युटी किंवा बंदराचे चार्जेस ग्राहकाच्या नावाने भरून जसेच्या तसे वसूल केले असतील आणि प्युअर एजंटच्या अटी पाळल्या असतील तर त्यावर आपण जीएसटी लावत नाही, फीवर लावतो. ज्याने सगळं मिळून एकाच 'सेल्स' लेजरला (खात्याला) टाकलं, त्याने मालकाची उलाढाल कागदोपत्री कैक पटीने फुगवली.

५. एपीएमसीत दलालाकडे नोकरी मिळतेय. घेऊ का?

घ्या, पण दोन गोष्टी माहीत असू द्या. पहिली, वेळ. भाजी आणि फळांच्या बाजारात गाड्या रात्री लागतात आणि हिशेबही त्याच वेळेने चालतो. मसाला आणि धान्य बाजाराची वेळ त्या मानाने माणसांसारखी. दुसरी, कामाचं स्वरूप. ताजी फळं-भाजीपाला जीएसटीमुक्त, त्यामुळे तिथे जीएसटी फारसं शिकायला मिळणार नाही. शिकाल ते पट्टी करायला, म्हणजे मालाच्या विक्रीतून हमाली, तोलाई आणि भाडं वजा करून शेतकऱ्याला निव्वळ किती द्यायचे ते. रोख, उचल आणि उधारीवर पकड इथे जशी बसते तशी दुसरीकडे बसत नाही. जीएसटी हवा असेल तर मसाला बाजार बघा.

६. सोसायटीचे हिशेब लिहिणं हा अनुभव धरतात का?

मी धरते. ठाण्यात घोडबंदर रोडला नुसती मान वर केली तरी सोसायट्याच दिसतात, आणि निम्म्या कमिट्यांचे खजिनदार रात्री जेवण झाल्यावर वैतागून पावत्या फाडत बसलेले असतात. 'काका, सहा महिने मी लिहितो' म्हटलं तर नाही म्हणणारे खजिनदार कमी.

सोसायटीत मेंटेनन्सची बिलं, सभासदवार येणं, थकबाकीवरचं व्याज, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी), भाड्याने दिलेल्या फ्लॅटचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस असा एक छोटा पण पुरा संसार असतो. नॉन-ऑक्युपन्सी ही सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपर्यंतच, पालिकेचा कर त्यात धरायचा नाही. हे कमिटीतल्यांनाही बरेचदा माहीत नसतं. महिना ७,५०० रुपयांपर्यंतच्या वर्गणीला जीएसटीची सूट आहे. आणि ३१ मार्चला वर्ष संपलं की ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते, त्यामुळे ऑडिटरपुढे बसण्याचा सराव पहिल्याच वर्षी होतो.

काम लेखी घ्या. खजिनदाराकडून एक पानी पत्र: कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत काय लिहिलं. तेच पुढे अनुभवाचं पत्र.

७. घरी सराव करायचाय, पण टॅलीचं लायसन्स परवडत नाही.

लागत नाही. टॅलीप्राइम एज्युकेशनल मोडमध्ये फुकट चालतं. त्यात व्हाउचर (व्यवहारांच्या नोंदी) ठरावीक तारखांनाच, म्हणजे १, २ आणि ३१ ला टाकता येतात, बाकी बहुतेक सगळं तसंच. सरावासाठी तारखा गेल्या तरी बिघडत नाही. नॅरेशनमध्ये (नोंदीखालच्या टिपेत) खरी तारीख लिहा.

क्लासच्या पुस्तकातले प्रश्न पुन्हा सोडवू नका. तिथे व्यवहार एका ओळीत आयता लिहिलेला असतो, 'रोखीने माल खरेदी केला.' खऱ्या कामात समोर येतो चुरगळलेला कागद, आणि तो खरेदी आहे की खर्च, माल आहे की मशीन, बिल आहे की नुसतं कोटेशन, हे तुम्ही ठरवायचं असतं. म्हणून घरातले किंवा ओळखीच्या दुकानातले खरे कागद घ्या: एका बँक खात्याचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट, विजेचं बिल, किराण्याच्या पावत्या, भावाच्या रिक्षाचा हप्ता, काहीही चालेल. प्रत्येक ओळीची एन्ट्री करा, प्रत्येक एन्ट्रीचा कागद फाइलला लावा, आणि शेवटी बँक जुळवा. हप्त्यातलं मुद्दल आणि व्याज वेगळं काढता आलं तर पुष्कळ पुढे आलात.

८. इंटरव्ह्यूला काय विचारतात? डेबिट-क्रेडिटचे सुवर्णनियम पाठ केलेत.

नियम विचारत नाहीत, बिल पुढे टाकतात. एक नमुना. सल्लागाराचं बिल आलं, फी ६०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १०,८००, एकूण ७०,८००. एन्ट्री सांगा.

प्रोफेशनल फी नावे ६०,०००. इनपुट सीजीएसटी (केंद्राचा वाटा) नावे ५,४००, एसजीएसटी (राज्याचा वाटा) नावे ५,४००. टीडीएस जमा ६,०००. पार्टी जमा ६४,८००. दहापैकी सहा जण टीडीएस ७०,८०० वर काढून ७,०८० सांगतात. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस मूळ रकमेवरच. मग पुढचा प्रश्न येतो: पार्टीचा जीएसटी नंबर २४ ने सुरू होत असेल तर? २४ म्हणजे गुजरात, आपला महाराष्ट्र २७. मग सीजीएसटी-एसजीएसटीऐवजी १०,८०० आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा). आणि तिसरा: वर्षभरातली फी ४०,००० च असती तर? मग टीडीएस नाही, कारण एप्रिल २०२५ पासून प्रोफेशनल फीची मर्यादा वर्षाला ५०,००० आहे.

याशिवाय ठरलेले दोन. मालकाच्या घरच्या जेवणाच्या बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, घेणार का (नाही), आणि व्हाउचरच्या कळा: एफ४ काँट्रा, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस. कळा विचारण्यात काही अर्थ नाही असं माझं मत, पण विचारतात.

९. एक्सेल किती यायला हवं?

व्हीलुकअप किंवा एक्सलुकअप, सम-इफ, पिव्होट, टेक्स्ट टू कॉलम्स, डुप्लिकेट शोधणं. बस. एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट खासगी नोकरीत कोणी मागत नाही.

१०. टॅलीत ट्रायल (सगळ्या खात्यांच्या नावे-जमा बाकींचा तक्ता) जुळलं म्हणजे हिशेब बरोबर ना?

नाही. टॅली दोन्ही बाजू समान झाल्याशिवाय व्हाउचर घेतच नाही, तेव्हा ट्रायल जुळणारच. फार तर ओपनिंग बॅलन्समधला फरक तेवढा वेगळा दिसेल. हाताने लिहायच्या काळात ट्रायल जुळणं ही कमाई होती, आता तो फक्त सॉफ्टवेअरचा स्वभाव. विजेचं बिल टेलिफोनला टाकलंत, मशीन 'रिपेअर्स'ला टाकलंत, एकच बिल दोनदा घेतलंत, तरी ट्रायल टिच्चून जुळतं.

चूक पकडायची ती बाहेरच्या कागदाशी ताडून: बँक स्टेटमेंटशी (प्रश्न ११), २बीशी (प्रश्न १२), पार्टीच्या लेजरशी आणि स्टॉकच्या मोजणीशी. महिन्याच्या शेवटी प्रत्येक खर्चाचं लेजर उघडून मागच्या महिन्याशेजारी ठेवा. भाडं दोनदा दिसतंय का? वीज शून्य आहे का? हे पाच मिनिटांचं काम कुठलाच क्लास शिकवत नाही.

११. बँक जुळत नाही. सुरुवात कुठून करू?

बँकेच्या कागदावरचं 'क्रेडिट' आपल्या पुस्तकात 'डेबिट' असतं, हे आधी पक्कं करा. बँक तिच्या बाजूने लिहिते. मग ओपनिंग बॅलन्स जुळतोय का बघा. मागचाच महिना चुकीचा बंद झाला असेल तर हा महिना कधीच जुळणार नाही.

नेहमीची कारणं: दिलेला पण न वटलेला चेक, बँक चार्जेस, परत आलेला चेक, आणि हल्ली सगळ्यांत जास्त डोकं खाणारं कार्ड मशीनचं सेटलमेंट. दुकानाने १०,००० ची विक्री केली की बँकेत दुसऱ्या दिवशी त्यातून चार्जेस आणि त्यावरचा जीएसटी वजा होऊन रक्कम येते, कधी दोन दिवसांची मिळून. मशीन कंपनीचा सेटलमेंट रिपोर्ट काढल्याशिवाय हे सुटत नाही. तरीही फरक उरला तर त्याला ९ ने भागून बघा. पूर्ण भाग गेला तर बहुधा आकडे उलटे पडलेत: ५,४०० चे ४,५०० केलेत, फरक ९००. फरकाच्या निम्म्या रकमेची एन्ट्री सापडली तर ती उलट्या बाजूला गेली असणार.

उरलेला फरक 'सस्पेन्स'ला (तात्पुरत्या खात्याला) टाकून पुढे जाऊ नका. निदान कागदावर लिहून ठेवा, कुठल्या तारखेचा किती.

१२. २बी मॅचिंग म्हणजे काय, आणि सगळे त्याला एवढे का घाबरतात?

कारण त्यात मालकाचा खरा पैसा जातो. पुरवठादाराने त्याच्या जीएसटीआर-१ मध्ये आपलं बिल दाखवलं तरच ते आपल्या २बीत येतं, आणि २बीत आलं तरच आपल्याला त्याचं क्रेडिट. बिल हातात आहे, पैसे दिलेत, माल वापरून संपला, तरी २बीत नसेल तर क्रेडिट थांबतं.

काम कंटाळवाणं आहे. एका बाजूला आपलं पर्चेस रजिस्टर, दुसऱ्या बाजूला २बी, आणि जुळत का नाही ते शोधायचं. बहुतेकदा कारण फुसकं असतं: आपण बिल नंबर '४५' टाकलाय, त्याने '०४५/२५-२६'. किंवा त्याने आपल्या नंबरातलं एक अक्षर चुकवून बिल भलत्याच्याच खात्यात घातलंय. जे खरोखर नाही त्यांची यादी करून त्याच दिवशी पुरवठादाराला फोन आणि मेल. मेल हवाच, कारण पुढे पेमेंट रोखायची वेळ आली तर मालक विचारणार, 'तू त्याला कळवलं होतंस का?' ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टीम आली आहे, तिथे प्रत्येक बिल स्वीकारता, नाकारता किंवा प्रलंबित ठेवता येतं. अनोळखी पार्टीचं बिल दिसलं तर डोळे झाकून स्वीकारू नका. एखाद्या आर्थिक वर्षाचं राहिलेलं क्रेडिट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच घेता येतं. तोवर वार्षिक रिटर्न भरलं, तर त्याआधीच दार बंद.

१३. टीडीएस एक दिवस उशिरा भरला. एका दिवसाचंच व्याज ना?

इथेच नवखे फसतात. १० जुलैला ६,००० कापले आणि ७ ऑगस्टऐवजी ८ ऑगस्टला भरले, तर व्याज कापल्याच्या तारखेपासून धरतात, महिना १.५ टक्के, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना. जुलै एक, ऑगस्ट दोन. म्हणजे ३ टक्के, १८० रुपये. रक्कम लहान वाटली तरी दर महिन्याला दहा पार्ट्यांची झाली की मालक तुम्हालाच विचारणार. मार्चचा टीडीएस ३० एप्रिलपर्यंत चालतो, तेवढीच सवलत. तिमाही विवरणपत्र उशिरा गेलं तर दिवसाला २०० वेगळे.

१४. पगार किती मागू? आणि हातात किती येतो?

आकडा सांगत नाही, कारण घोडबंदरचा गाळा आणि ऐरोलीची आयटी कंपनी यांत तुलना नाही. मात्र बोलणी ग्रॉसवर चालली आहेत की हातात येणाऱ्या रकमेवर, हे तिथेच विचारा. समजा ग्रॉस १८,०००, त्यात बेसिक १५,०००, आणि पीएफ-ईएसआयसी लागू आहे. पीएफ १२ टक्के, १,८००. ईएसआयसी ०.७५ टक्के, १३५. प्रोफेशन टॅक्स २००, फेब्रुवारीत ३००. मुलाच्या हातात १५,८६५. मुलीच्या हातात १६,०६५, कारण महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पर्यंत प्रोफेशन टॅक्स नाही. हे गणित इंटरव्ह्यूत स्वतःहून करून दाखवलंत तर समोरचा चमकतो, कारण त्याला पगारपत्रक करणाराच माणूस हवा असतो.

१५. 'सहा महिने फुकट शिका, मग बघू' म्हणतात. किंवा 'डिपॉझिट भरा, नोकरी लावतो'. काय करू?

डिपॉझिट मागणाऱ्याकडे पाठ फिरवा, विषय संपला. मूळ मार्कशीट ठेवून घेणाऱ्याकडेही. फुकट शिकण्याबद्दल मी एवढंच म्हणेन की निदान जाण्या-येण्याचा खर्च आणि अनुभवाचं पत्र मिळणार असेल, मुदत लेखी असेल आणि पूर्ण महिना हाताळायला देणार असतील, तर दोन महिने ठीक. दिवसभर झेरॉक्स आणि चलन भरायला बँकेत पाठवणार असतील तर ते शिकवणं नव्हे.

१६. इंग्रजी कच्चं आहे. मराठी माध्यमातून शिकलोय.

बोलायचं कमी लागतं, लिहायचं जास्त. पेमेंटची आठवण, लेजर मागवणं, बिलातली चूक कळवणं, २बीत बिल न दिसणं, टीडीएस सर्टिफिकेट मागणं: या पाच मेलचे नमुने इंग्रजीत तयार करून ठेवा, निम्मं ऑफिस त्यावर चालतं. वागळेतल्या किंवा एपीएमसीतल्या मालकाशी हिंदी-मराठीच चालतं, आणि थोडं गुजराती कळलं तर सोन्याहून पिवळं.

१७. लग्नानंतर आठ वर्षं गॅप आहे. आता कोण घेणार?

लहान ऑफिसं घेतात, कारण तुम्ही सहा महिन्यांत नोकरी बदलणार नाही याची त्यांना खात्री वाटते. तुम्ही शिकलात तेव्हा कदाचित व्हॅट होता. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. तेवढा भाग नव्याने करा. डेबिट-क्रेडिट होतं तिथेच आहे. पुनरागमनाला प्रश्न ६ मधला रस्ता सगळ्यांत सोपा.

१८. मालक म्हणतात, 'हे बिल टाक, माल आलेला नाही पण क्रेडिट घेऊ.' नवीन आहे, नाही कसं म्हणू?

नाहीच म्हणायचं. 'मी फक्त सांगितलेलं केलं' हा बचाव पुरत नाही. बोगस बिलाला मदत करणाऱ्यावर जीएसटी कायद्यात स्वतंत्र दंड आहे, आणि पुस्तकात खोटी नोंद सापडली तर आयकरात त्या रकमेइतका दंड लागू शकतो, नोंद करायला लावणाऱ्यालाही.

वाद घालू नका, कागद मागा. 'सर, गेट एन्ट्री, ई-वे बिल आणि लॉरी पावती मिळाली की टाकतो.' बरेच मालक इथेच विषय सोडतात, कारण त्यांच्या लक्षात येतं की हा कागद मागणारा आहे. नाही सोडला तर मेलवर विचारा. मेलवर कोणी 'हो' लिहीत नाही. दर महिन्याला हाच प्रकार होत असेल तर नोकरी बदला. त्या जागेवरचा अनुभव पुढे सांगायच्याही कामाचा नाही.

१९. महिन्याच्या शेवटी कॅश बरोबर आहे, पण मधल्या एका दिवशी मायनस दिसते. चालेल का?

खिशात उणे पैसे असू शकत नाहीत, त्यामुळे ऑडिटर पहिल्यांदा तेच बघतो. बहुधा बँकेतून काढलेल्या रकमेची तारीख चुकलेली असते किंवा मालकाने घरून दिलेले पैसे नोंदलेले नसतात. खरी तारीख शोधा, सोयीची टाकू नका. त्याच वेळी बघून घ्या की एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख खर्च दिलेला नाही (वाहतूकदाराला ३५,०००), आणि एकाकडून एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेतलेली नाही.

२०. मालकाची डीएससी (डिजिटल सही), पासवर्ड आणि ओटीपी सगळं माझ्याकडेच असतं. काही धोका?

डीएससी ही ज्याच्या नावावर त्याची सही. ती तुमच्या ड्रॉवरमध्ये असेल आणि काही चुकीचं भरलं गेलं, तर बोट तुमच्याकडेच येणार. रिटर्न तयार करा, आकड्यांचा एक पानी तक्ता मालकाला मेल करा, 'ओके' आलं की त्यांच्यासमोर सही लावा. स्वतःचा मोबाइल नंबर कुठल्याही पोर्टलवर अधिकृत नंबर म्हणून टाकू नका. नोकरी सोडल्यावर दोन-दोन वर्षं ओटीपीचे फोन घेणारे मी पाहिलेत.

२१. नोकरी करता करता बाहेरची दोन-तीन दुकानं लिहू का? जीएसटी नंबर लागेल?

नियुक्तीपत्रात मनाई नाही ना ते आधी बघा. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांपर्यंत असेल तर साधारणपणे स्वतःचा जीएसटी नंबर लागत नाही. दुसऱ्यांची रिटर्न अधिकृतपणे, स्वतःच्या नावाने भरायची असतील तर जीएसटी प्रॅक्टिशनरची नोंदणी आहे. वाणिज्य पदवीधर त्याला पात्र असतो आणि एनएसीआयएनची (अप्रत्यक्ष करांची सरकारी प्रशिक्षण संस्था) परीक्षा द्यावी लागते. पहिल्या वर्षी घाई नको, मात्र दुसऱ्या वर्षी जरूर द्या.

२२. आधीचा अकाउंटंट अर्धवट सोडून गेलाय आणि सगळं माझ्या गळ्यात आलंय. जुनं दुरुस्त करू का?

थांबा. आधी बॅकअप घ्या, तारीख टाकून, दोन ठिकाणी. मग मागच्या ऑडिट झालेल्या ताळेबंदाचे आकडे टॅलीतल्या ओपनिंगशी ताडा. तिथेच फरक असेल तर सीएला विचारल्याशिवाय एकही एन्ट्री हलवू नका.

ज्या महिन्यांचं जीएसटी भरून झालं आहे, त्या महिन्यांत शिरून बिलं बदलायची नाहीत. पुस्तक एक सांगेल, पोर्टल दुसरं. दुरुस्ती चालू महिन्यात क्रेडिट नोट, डेबिट नोट किंवा जर्नलने, कारण लिहून. शिवाय प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून एडिट लॉग असलेलं सॉफ्टवेअर सक्तीचं आहे. कुठली एन्ट्री कोणी, कधी बदलली ते त्यात राहतं, आणि बदलणाऱ्याच्या जागी आता तुमचं नाव येणार.

एका वहीत सापडलेल्या त्रुटी लिहीत जा: तारीख, लेजर, रक्कम, काय चुकलं, कोणाला कळवलं. पहिल्या आठवड्यात ती यादी मालक आणि सीए दोघांना मेल करा.